पिल्लाचं पोट आणि खळ्यातली माती

"डॉक्टरांनू, पिल्लांची पोटां बघा कशी फुगलीत. आवशीचा दूध पचना नाय काय?"

देवगड तालुक्यातल्या एका काकूंच्या घराच्या पडवीत, गोणपाटावर पाच पिल्लं एकमेकांवर चढून झोपली होती. वय जेमतेम तीन आठवडे. बरगड्या मोजता येत होत्या, पोटं मात्र नगाऱ्यासारखी ताणलेली. दुधाचा काही दोष नव्हता. मी जंताचं औषध वजनावर मोजून पाजलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, "शेवयांचो गुंडो पडलो, डॉक्टरांनू!" मला नवल वाटलं नाही. गावातल्या पिल्लांच्या पोटातून हेच पडतं.

पण त्या दिवसाची दुसरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पिल्लांपासून दोन हातांवर काकूंचा दीड-दोन वर्षांचा नातू खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, कडेला बसून लाल मातीची मूठ तोंडात घालत होता. काकू म्हणाल्या, "कितीव वराडा, माती खाताच तो. पिल्लाचे जंत ह्येका लागतले काय?"

पशुवैद्यक म्हणून हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय आणि अंगणात उभ्याउभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अपुरं पडलंय. "हो, लागतात" म्हटलं की दुसऱ्या दिवशी पिल्लं पोत्यात भरून रस्त्यावर नेऊन सोडतात. "नाही" म्हणणं खोटं ठरतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत आपण पोटातल्या प्रत्येक किड्याला जंत म्हणतो. मुलांच्या शौचातून पडणारा लांब, गोल जंत माणसाचा स्वतःचा असतो आणि तो माणसाकडूनच माणसाकडे जातो. कुत्र्याच्या पिल्लात सापडतो तो त्याचा नातेवाईक, पण जात वेगळी. त्याचं नाव टॉक्सोकारा कॅनिस. मांजरातला टॉक्सोकारा कॅटी. (गरोदर बाईला मांजरापासून जपायला सांगतात तो आजार टॉक्सोप्लाझ्मा. नावं सारखी वाटतात, पण तो जंतच नव्हे, एकपेशीय जीव आहे. या लेखात त्याचं काम नाही.) पिल्लातली टॉक्सोकाराची मादी वीतभरापर्यंत वाढू शकते आणि एकेक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. एका पिल्लात अशा कितीतरी माद्या, आणि एका वेतात पाच-सहा पिल्लं. हा हिशोब पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात असू द्या.

आता पहिलं आश्चर्य. पिल्लाला हे जंत बाहेरून लागत नाहीत, ते आईच्या पोटातूनच घेऊन जन्माला येतं.

मोठ्या कुत्रीने कधी काळी मातीतून अंडी गिळलेली असतात. अंड्यातला डिंभ, म्हणजे जंताचं पिल्लू, तिच्या आतड्यात बाहेर पडतो, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि स्नायूंमध्ये जाऊन स्वस्थ पडून राहतो. तिला काहीही होत नाही. तिची शी तपासली तरी बहुधा काही सापडत नाही. असे झोपलेले डिंभ तिच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात आणि नेहमीचं जंताचं औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. मग ती गाभण राहते. गाभणपणाच्या साधारण बेचाळिसाव्या दिवशी हे डिंभ जागे होतात, वार ओलांडून गर्भातल्या पिल्लांच्या यकृतात शिरतात. थोडे दुधातूनही जातात. मांजरीत वारेतून जात नाहीत, पण दुधातून जातात. एका वेतात सगळे संपत नाहीत. पुढच्या वेतांसाठीही आईच्या अंगात शिल्लक राहतात.

आपल्याकडे गावकुत्र्यांचा हंगाम कोणता, हे मराठी माणसाला सांगायला नको. भाद्रपद. हा हंगाम आपल्या सणांवर मांडून बघा, सगळं चित्र स्पष्ट होईल. गणपतीच्या दिवसांत कुत्री गाभण राहिली, तर बेचाळिसावा दिवस येतो कोजागिरीच्या आसपास. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांनी वितात, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे वाडीवाडीत पिल्लं. जन्मल्यावर डिंभ पिल्लाच्या फुप्फुसात येतात, खोकल्याबरोबर घशात येऊन गिळले जातात आणि आतड्यात वाढतात. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की त्याच्या शीतून अंडी पडू लागतात. मार्गशीर्ष लागलेला असतो. याच वयात पिल्लाचे डोळे उघडलेले असतात, ते दुडुदुडु चालतं, सगळ्या घराचं लाडकं होतं आणि खळ्यात जागोजाग शी करत फिरतं. मुलंही दिवसभर त्याच्यामागे.

ताजी शी आणि जुनी माती

दुसरं आश्चर्य. ज्या ताज्या शीला पाहून आपण नाक मुरडतो, तिच्यातल्या या अंड्यांनी माणसाला काहीही होत नाही.

अंडं बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं. आत डिंभ तयार झालेला नसतो. तो व्हायला ऊब, ओल आणि हवा लागते, आणि वेळ लागतो साधारण दोन ते चार आठवडे. त्यानंतरच ते अंडं पिकतं आणि लागट होतं. तोवर शी पावसाने विरलेली असते, उन्हाने भुगा झालेली असते, कोंबड्यांनी पायांनी उकरून पसरवलेली असते. डोळ्यांना दिसायला काही उरत नाही. उरतात ती अंडी. एक मिलिमीटर लांबीत दहा-बारा मावतील एवढी लहान, जाड कवचाची आणि वरून चिकट. नखात, भाजीच्या देठात, चपलेच्या तळाला अडकतात. ओल्या सावलीतल्या मातीत ती काही वर्षं तग धरू शकतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भीती पिल्लाची नको, त्याच्या जुन्या जागेची असावी. पिल्लाला कुरवाळल्याने धोका फार थोडा, कारण केसांत अंडी चिकटलेली असली तरी ती बहुतेक कच्ची असतात. महिनाभरापूर्वी जिथे पिल्लं खेळली त्या मातीत आज हात घालून तोच हात तोंडात गेला, तर मात्र धोका खरा. पिल्लू रस्त्यावर सोडून आल्याने ती माती स्वच्छ होत नाही. उलट सोडलेलं पिल्लू दुसऱ्याच्या दारात तेच काम चालू ठेवतं.

कोकणात हे प्रकरण का लागू पडतं, तेही बघा. थंड मुलखात हिवाळ्यात अंड्यांची वाढ थांबते, कारण साधारण दहा अंशांच्या खाली ती पिकत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर असा हिवाळा येतच नाही. चार महिने पाऊस आहे. पाऊस गेल्यावरही माडांची आळी आणि पोफळीची बाग शिंपणामुळे बारा महिने ओली, आणि वर झावळ्यांची सावली. अंड्याला यापेक्षा चांगली जागा नाही. नेमकी दुपारच्या उन्हात कुत्रीही तिथेच आळ्यात गारव्याला पडून असते आणि मुलंही सावली बघून तिथेच खेळतात.

याउलट चोपून सारवलेलं, उन्हात तापणारं खळं त्यामानाने सुरक्षित. थेट ऊन आणि कोरडेपणा ही या अंड्यांची मरणं. आपल्या जुन्या बायकांनी जंत डोळ्यांसमोर ठेवून खळं सारवलं असं मी म्हणणार नाही, पण सपाट, कोरड्या, रोज झाडलेल्या जमिनीवर शी लगेच दिसते आणि उचलली जाते, हा फायदा खराच. पावसाळ्यानंतर नवं खळं करताना जुनी माती खणून वर काढतात, तेवढे दोन-तीन दिवस मात्र लहान मुलांना लांब ठेवा. घरापुढे बांधकामासाठी आणून टाकलेला रेतीचा ढीग ही आणखी एक जागा. मांजर रेतीत खड्डा करून शी करते आणि वर रेती ओढून नीट झाकते. दुपारी पोरं त्याच ढिगात घरं बांधतात.

माणसाच्या शरीरात काय होतं

समजा, पिकलेलं अंडं मुलाच्या पोटात गेलं. आतड्यात कवच फुटतं, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान डिंभ बाहेर येतो आणि कुत्र्याच्या शरीरात करतो तेच करायला लागतो. भिंत भेदतो, रक्तातून यकृतात जातो, तिथून फुप्फुसात आणि कुठेही. पण हे शरीर त्याच्या ओळखीचं नाही. मोठं होण्यासाठी लागणाऱ्या खुणा त्याला इथे मिळत नाहीत. तो कधीच पूर्ण वाढीचा जंत होत नाही, अंडी घालत नाही, शौचातून पडत नाही. नुसता भटकत राहतो. उंदरात, कोंबडीतही तो असाच अडकतो. फरक इतकाच की उंदराला एखाद दिवशी कुत्रा खातो आणि डिंभाचा प्रवास पुरा होतो.

यातूनच तीन गोष्टी निघतात, ज्या लोकांना माहीत नसतात आणि ज्यामुळे निदान चुकतं.

एक म्हणजे मुलाची शौचतपासणी करून हा आजार सापडणं शक्यच नाही. रिपोर्टात "जंत नाहीत" आलं म्हणून टॉक्सोकारा नाही असं होत नाही. दुसरी, शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी चांगलीच आहे, ती चुकवू नका. पण ती आतड्यातल्या जंतांसाठी आहे. यकृतात किंवा डोळ्यात शिरलेल्या डिंभाला एका गोळीने काही होत नाही. मुलाला आपणच वरचेवर जंताचं औषध द्यावं का, या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तिसरी, हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही. आजारी मुलाला वेगळं ठेवायची गरज नाही.

आपल्या शरीराला हा पाहुणा कळतो. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात. पण डिंभ मोठा चिवट. त्याच्या अंगावर एक अगदी पातळ आवरण असतं. पेशी आणि प्रतिपिंडं त्याला चिकटली की तो ते आवरण अंगावेगळं करून सटकतो आणि मागे उरलेल्या आवरणाशी आपल्या पेशी झुंजत बसतात. या झुंजीचा दाह हाच खरा आजार.

बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गिळलेली अंडी थोडी असतील तर शरीर निभावून नेतं. काहींना अधूनमधून पोटदुखी, डोकेदुखी, रेंगाळणारा खोकला. माती खाणाऱ्या, साधारण एक ते पाच वर्षांच्या मुलांत अंडी जास्त गेली तर ताप, दम्यासारखी धाप, यकृताला सूज, भूक मरणं, आणि रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल खूप वाढलेले. क्वचित मेंदूपर्यंतही डिंभ जातो.

डोळ्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यापाशी मला थोडं थांबायचंय. डोळ्यात शिरायला एकच डिंभ पुरतो, त्यामुळे या मुलांचं रक्त बऱ्याचदा साफ असतं, तापही नसतो. वयही थोडं मोठं असतं, शाळेत जाणारं मूल. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर गाठ होते, पडदा ओढला जातो आणि एका डोळ्याची नजर जाते. मूल तक्रार करत नाही, कारण दुसरा डोळा ठीक असतो आणि त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. घरच्यांना कळतं ते डोळा तिरळा होऊ लागल्यावर, किंवा फोटोत एक बाहुली पांढरी चमकल्यावर.

हाच पांढरेपणा डोळ्याच्या कर्करोगातही दिसतो. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर या संशोधिकेने मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले. त्यातल्या २४ डोळ्यांत तिला जंताच्या डिंभाच्या खुणा सापडल्या. कर्करोगाच्या संशयावरून मुलांचे डोळे काढले जात होते आणि आत होता एक किडा. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, न्यू ऑर्लिन्समधल्या पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी इओसिनोफिल सतत वाढलेल्या तीन मुलांचा आजार भटकणाऱ्या डिंभामुळे होतो हे दाखवलं. आणि वाइल्डरच्या डोळ्यांतले डिंभ टॉक्सोकाराचे होते हे १९५६ मध्ये निकोल्स यांनी ओळखलं. हे वाचलं तेव्हा मी शिकत होतो. पिल्लाला औषध पाजणं हे माझ्या लेखी तेव्हापासून नुसतं पिल्लाचं काम राहिलं नाही.

घरी करण्यासारखी एक सोपी तपासणी सांगतो. मुलाचा एक डोळा तळहाताने झाका आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगा, मग दुसरा झाका. लहान मूल असेल तर चांगला डोळा झाकल्यावर ते रडतं, हात ढकलतं. एका डोळ्याने कमी दिसत असेल किंवा बाहुली पांढरी दिसत असेल तर वाट बघू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जा. कारण काहीही निघो, उशीर परवडणारा नसतो.

निदानासाठी रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी एलायझा तपासणी असते, मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. तिचं वाचन जपून करावं लागतं. ती सकारात्मक आली तर शरीराचा टॉक्सोकाराशी कधीतरी संबंध आला एवढंच कळतं. तो आजचा की चार वर्षांपूर्वीचा, ते कळत नाही. डोळ्याच्या आजारात तर ती नकारात्मकही येऊ शकते. आणि इओसिनोफिल वाढण्याला दमा, ॲलर्जी, हत्तीरोगाचे जंत अशी दुसरी कारणंही आहेत. त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नका. डॉक्टरांना मात्र आपणहून सांगा, "घरात पिल्लं आहेत" किंवा "मूल माती खातं." हे वाक्य बालरोगतज्ज्ञाला फार उपयोगी पडतं, आणि आपण ते सांगायचं विसरतो.

उपचार आहेत. साधारणपणे अल्बेंडाझोल दिवसातून दोनदा, पाच दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दाह जास्त असेल तर सोबत स्टेरॉइड. सौम्य आजाराला बऱ्याचदा औषधाचीही गरज पडत नाही, नवी अंडी पोटात जाणं थांबलं की हळूहळू बरं वाटतं. डोळ्याचा उपचार तज्ज्ञाकडेच. गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

सुरूच्या सावलीतली वाळू

कुत्र्या-मांजराचा आणखी एक जंत माणसाला गाठतो आणि त्याला तोंडाची वाट लागत नाही. हा अंकुशकृमी, म्हणजे हूकवर्म. याची अंडी शीबरोबर पडतात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि ओल्या सावलीच्या वाळूत साधारण आठवडाभरात लागट डिंभ तयार होतात. अनवाणी पाय, वाळूत टेकलेली मांडी, पाठ, काहीही लागलं की ते कातडीत शिरतात.

मग पायावर लाल, उंचवट्याची, नागमोडी रेघ उठते आणि रोज काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकते. खाज इतकी की रात्री झोप नाही. आपल्याकडे हिला नागीण समजून गेरू लावतात. नागिणीत एका पट्ट्यात पाण्याचे फोड येतात आणि आग होते. ती रेघ काढत पुढे सरकत नाही. इथे सरकणारी रेघ हीच ओळख. कातडीच्या खालच्या थरात उतरण्याची ताकद या डिंभाकडे नसते, म्हणून तो वरवरच फिरतो आणि काही आठवड्यांनी आपोआप मरतो. तोवर खाजवून जखमा चिघळतात, म्हणून औषध घ्यावं. आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेंडाझोलने लवकर बरं होतं. रेघेच्या टोकाला चटका देणं, सुईने उकरणं अजिबात नको. डिंभ दिसणाऱ्या टोकाच्या पुढे निघून गेलेला असतो, भाजतं ते आपलंच कातडं.

भरतीचं पाणी रोज जिथे येऊन जातं ती वाळू त्यामानाने सुरक्षित. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांचे पाय त्या ओल्या पट्ट्यात असतात. धोका वरच्या अंगाला, सुरूच्या बनात, होड्यांच्या सावलीत, जिथे कुत्री दुपारची झोपतात आणि पर्यटक जेवायला बसतात. तिथे चटई अंथरा, पायात चप्पल असू द्या.

या अंकुशकृमींतली एक जात, अँकिलोस्टोमा सिलॅनिकम, नियमाला अपवाद आहे. ती कुत्र्या-मांजरातून माणसात येते आणि माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढते, रक्त पिते. तिचं पहिलं वर्णन १९११ साली झालं, सिलोनमधल्या एका जवादी मांजरात सापडलेल्या कृमींवरून. आशियात ती माणसांमध्ये बरीच आढळते. मुलाचं हिमोग्लोबिन वारंवार उतरत असेल तर शौचतपासणी इथे मात्र उपयोगाची, हा फरक ध्यानात ठेवा.

रानातल्या जनावरांचं काय, असं विचारतात. कोल्हा कुत्र्याच्याच कुळातला, त्यालाही टॉक्सोकारा होतो. आपल्या किनाऱ्यावर कोल्हे रात्री कासवांची घरटी उकरायला वाळूत उतरतात, कुत्रीही. पण कोल्हा माणसाच्या खळ्यात पिल्लं वाढवत नाही, त्यामुळे त्याच्याकडून मुलापर्यंत पोचणारी अंडी घरच्या पिल्लाच्या मानाने फारच थोडी. उत्तर अमेरिकेत रॅकून नावाचं जनावर ठरावीक जागी शी करतं, आणि त्याचा बेलिसॅस्कॅरिस हा जंत माणसाच्या मेंदूत शिरून भयंकर हानी करतो. त्याची चित्रफीत फिरत फिरत आपल्या फोनवरही येते. रॅकून कोकणात नाही. माळ्यावरच्या कांडेचोराला (उदमांजराला) त्या भीतीने मारू नका. माळा झाडायचा असेल तर त्याची शी आधी पाण्याने भिजवून, हातात पिशवी घालून उचला, झालं.

माशांतल्या जंताबद्दलही थोडक्यात. देवमासे, डॉल्फिन यांच्या पोटातला अनिसाकिस कच्च्या माशांतून माणसाला होतो. आपण मासा शिजवून, तळून खातो, तिथेच तो मरतो. बाजारातून आणलेल्या माशाच्या पोटात वेटोळी केलेली अळी दिसली तर ती आतड्यांबरोबर काढून टाका.

मग करायचं काय

सगळ्यात मोठं काम पिल्लाला वेळेवर औषध पाजण्याचं. पिल्लू दोन आठवड्यांचं होताच पहिला डोस. तिसऱ्या आठवड्यात अंडी पडायला लागतात, त्याच्या आधी. मग चार, सहा आणि आठ आठवड्यांना. पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा आणि नंतर तीन महिन्यांनी एकदा. मांजराच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून. एकदा पाजून थांबू नये, कारण आतड्यातले मेले तरी मागून फुप्फुसातले उतरतच असतात. कुत्री पिल्लांना चाटून साफ करते, त्यांची घाण तिच्या पोटात जाते, म्हणून त्याच दिवशी तिलाही द्या. पायरँटेल, फेनबेंडाझोल अशी औषधं साधी आणि जुनी आहेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अंदाजाने चमचा भरू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लाचं वजन करून आणलंत तर आम्हांला मात्रा काढायला सोपं जातं. माणसांच्या गोळीचा तुकडा तर मुळीच नको.

पाळलेली कुत्री गाभण असेल तर आधीच पशुवैद्यकाशी बोला. शेवटच्या दिवसांत रोज ठरावीक औषध देऊन पिल्लांकडे जाणारे डिंभ बरेच कमी करता येतात. आणि पिल्लं नकोच असतील तर तिची नसबंदी करून घ्या. अंड्यांचा कारखाना पिल्लांच्या पोटात असतो. वेतं कमी झाली की वाडीतली अंडीही कमी होतात.

दुसरं काम शी उचलण्याचं. इथे दोन आठवड्यांची सवलत आपल्याला मिळालेली आहे. रोज किंवा दोन दिवसांनी उचलली तर अंडी पिकायच्या आतच बाहेर. खोल खड्ड्यात पुरा, पण भाजीच्या वाफ्यात किंवा माडाच्या आळ्यात खत म्हणून घालू नका. पिल्लं जिथे झोपली ते गोणपाट जाळून टाका, फरशीवर उकळतं पाणी ओता. फिनेल, ब्लीच यांनी जमीन स्वच्छ दिसते, अंडी मात्र मरत नाहीत. हातांसाठीही सॅनिटायझर कामाचा नाही. साबण आणि वाहतं पाणी चिकटलेली अंडी धुऊन नेतं, म्हणून जेवणाआधी नखांसकट हात धुणं हाच उपाय. परड्यातला लाल माठ, मुळा, कोथिंबीर दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा. रेतीच्या ढिगावर रात्री ताडपत्री.

माती खाणाऱ्या मुलावर ओरडून उपयोग होत नाही, हे काकूंनीच सांगितलं होतं. अशा मुलाचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी असणाऱ्या मुलांत ही सवय बऱ्याचदा दिसते, ते भरून निघालं की सुटायला मदत होते.

काकूंच्या नातवाला तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञाकडे नेलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, औषध सुरू झालं. इओसिनोफिल थोडे वाढलेले होते, ते काही महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा उतरले होते. टॉक्सोकाराच होता का, ते कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पाचही पिल्लांना चारही डोस मिळाले, त्यातलं एक काकूंनी ठेवलं.

गेल्या तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. शेजारची कुत्री त्यांच्या मांगरात व्याली होती, सहा पिल्लं. "तारीख कॅलेंडरावर लिवन ठेवलंय," त्या म्हणाल्या, "पंधरावो दिवस आयतवारी येता. तुमचो दवाखानो उघडो आसतलो, की शनवारीच येव?"

मी शनिवारी यायला सांगितलं.